खिशातल्या संगणकाचा कायापालट

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राला हात लावू नये, लावलाच तर शेजारी विज्ञानशाखेचा मित्र बसवावा, असा एक अलिखित दंडक आपल्या महाविद्यालयात आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मी मोडला. एका जुन्या, खिशात मावणाऱ्या संगणकातली मूळची ऑपरेटिंग सिस्टिम काढून तिच्या जागी लिनक्स बसवले. ही हकीकत कानावर गेल्यावर वार्षिकाच्या संपादकांनी, "जे केलेस ते मराठीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरही समजेल असे लिही," अशी आज्ञा केली. म्हणून हा प्रपंच.

सुरुवात मामापासून करायला हवी, कारण यंत्र त्याचे. २००१ साली कंपनीच्या कामासाठी तो अमेरिकेला गेला आणि येताना कॉम्पॅक कंपनीचा ‘आयपॅक’ घेऊन आला. एच ३६०० या मालिकेतला, तळहाताएवढा, चंदेरी. खालच्या बाजूला एक गोल कळ आणि सोबत काडीसारखे पेन. त्या काळी मोबाइल फोन फक्त बोलण्यासाठी आणि चार ओळींचा निरोप धाडण्यासाठी असे, त्यामुळे पडद्यावर रंगीत चित्र उमटवणारी ही वस्तू बघायला आजोळी अर्धी आळी लोटली होती म्हणतात. मामाने तिचा उपयोग मात्र भलताच केला. मावळातल्या आमच्या घरी आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. शनिवार-रविवारी तो गावी जाई, आजी म्हणे आणि हा त्या काडीने एकेक ओवी टिपून घेई. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून अशा लाखभर ओव्या जमवल्या, त्यापुढे मामाचा उद्योग म्हणजे ओंजळभर. पण त्या ओंजळीत दोनशेच्या वर ओव्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच बाईच्या तोंडच्या होत्या.

२००३ च्या पावसाळ्यात मामा आठ दिवस गावी राहिला आणि चार्जर पुण्याला विसरला. चौथ्या-पाचव्या दिवशी बॅटरी संपली. परत येऊन त्याने यंत्र विजेला लावले, तर ते नव्या नवरीसारखे उघडले. पडद्यावर स्वागताचे शब्द आणि मग "या फुलीवर पेन टेकवा, आता या फुलीवर टेकवा" असे सुरू झाले. ओव्या नव्हत्या. पत्ते नव्हते. काहीच नव्हते. मोठ्या संगणकावर प्रत उतरवून ठेवण्याची सोय असूनही त्याने ती कधी वापरली नव्हती, हे तो आजही स्वतः होऊन कबूल करतो. पुढच्या वर्षी माघात आजी गेली. यंत्र कपाटात गेले.

आता हे असे का झाले ते समजून घेऊ, कारण माझा पुढचा सगळा खटाटोप त्या एका प्रश्नातून निघाला. अशा यंत्राला दोन प्रकारच्या स्मृती असतात. एक ‘रॅम’. ती विजेच्या धारेवर जगते. धार तुटली की कोरी. दुसरी ‘फ्लॅश’. वीज असो वा नसो, तिच्यावर लिहिलेले टिकते. मामाच्या यंत्रात ३२ मेगाबाइट रॅम होती आणि १६ मेगाबाइट फ्लॅश. (आजच्या साध्या फोनवर काढलेली थोडीच छायाचित्रे या १६ मेगाबाइटमध्ये मावतील.) त्या काळच्या हातातल्या संगणकांची सर्वसाधारण रीत अशी होती की कंपनीने दिलेली ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी फ्लॅशमध्ये ठेवायची आणि मालकाने लिहिलेले सारे रॅममध्ये. यात कोणाची लबाडी नव्हती. फ्लॅश महाग होती, तिच्यावर लिहायला वेळ लागे आणि पुन्हापुन्हा पुसून ती झिजते. बॅटरीत धुगधुगी असेपर्यंत हा संसार सुरळीत चाले. २००५ मध्ये विंडोज मोबाइल ५.० आले तेव्हा त्या घराण्यात ही रीत बदलली आणि मालकाचा मजकूरही टिकाऊ स्मृतीत जाऊ लागला. मामाच्या ओव्यांना ते दोन वर्षे उशिरा आले.

मला पडलेला प्रश्न असा: यंत्र तेच, फ्लॅश तीच, मग आपला मजकूर फ्लॅशमध्ये ठेवणारी दुसरी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम त्यात घालता येईल काय?

ऑपरेटिंग सिस्टिम हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण मला तो समजला तो या उद्योगातच. यंत्र म्हणजे बांधून तयार असलेले घर, असे समजा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्या घराचा कारभारी. पडदा कोणी वापरायचा, स्मृतीतली कोणती खोली कोणाला द्यायची, कळ दाबली की कोणाला हाक मारायची, हे सारे तो ठरवतो. घर न पाडता कारभारी बदलता येतो. मात्र नव्या कारभाऱ्याला त्या घराच्या खाचाखोचा ठाऊक हव्यात.

आयपॅकच्या बाबतीत गंमत अशी की या खाचाखोचा कॉम्पॅकच्याच माणसांनी जगाला सांगितल्या. यंत्र २००० साली बाजारात आले ते मायक्रोसॉफ्टची पॉकेट पीसी ही प्रणाली घेऊन. पण अमेरिकेतल्या केंब्रिज येथील कॉम्पॅकच्या संशोधनशाळेतल्या मंडळींनी त्यावर लिनक्स चालवून दाखवले आणि आपले काम सर्वांना खुले केले. त्यांत जिम गेटिस होते, ज्यांनी १९८४ साली एमआयटीत बॉब शाइफलर यांच्याबरोबर ‘एक्स’ ही खिडक्यांची पद्धत रचली होती. लिनक्सच्या पडद्यावर पुढे वर्षानुवर्षे जी चौकट दिसत आली ती हीच. या कामाभोवती जगभरचे हौशी लोक जमले आणि त्यांनी आयपॅकसाठी लिनक्सचा एक संचच तयार केला. त्याचे नाव ‘फॅमिलिअर’. २००६ मधली त्याची ०.८.४ ही आवृत्ती मी वापरली. त्या मंडळींचे मूळचे ठिकाण आता बंद पडले आहे. कोणी कोणी जपून ठेवलेल्या प्रतींतून एकेक फाइल गोळा करताना मला हस्तलिखिते जमवणाऱ्या संशोधकाचे सुखदुःख थोडे कळले.

या प्रकारच्या यंत्राशी आपला भारताचाही संबंध आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतले अभियंते यांनी मिळून ‘सिंप्युटर’ नावाचा स्वस्त हातसंगणक रचला. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला आणि २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने तो विकायला आला. त्याच्या पोटात इंटेलचा स्ट्राँगआर्म एसए १११०, म्हणजे सेकंदाला २०६ दशलक्ष ठोके देणारी चीप होती, आणि आयपॅकमध्येही तीच. सिंप्युटर तर जन्मापासून लिनक्सवरच चाले. ग्रामीण, निरक्षर माणसाला आपल्या भाषेत वापरता यावा हा त्याचा हेतू होता. तो खेडोपाडी पोचला नाही, हे खरे. पण ज्या यंत्रावर मामाला आपल्या आईची भाषा रोमन लिपीत लिहावी लागत होती, त्याच्याच चुलतभावाकडून आपल्याकडची माणसे देशी भाषांची अपेक्षा धरत होती, हे मला फार बोलके वाटते.

असो. आता कृतीकडे.

प्रथम बॅटरी. वीस वर्षे कपाटात राहून ती फुगली होती. स्टेशन रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने यंत्र उघडून साधारण त्याच मापाची दुसरी बसवून दिली. "ताई, यात सिम कुठे घालायचं?" असे त्याने विचारले. नंतर हवा होता नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असलेला जुना संगणक. तो एका मैत्रिणीच्या वडिलांच्या दुकानात, विंडोज एक्सपीसकट, धुळीखाली सापडला.

कामाचा पहिला टप्पा नाजूक आहे. फ्लॅशच्या अगदी आरंभीच्या २५६ किलोबाइटमध्ये ‘बूटलोडर’ नावाचा छोटा कार्यक्रम असतो. यंत्र जागे झाले की सर्वांत आधी तो उठतो आणि मग कारभाऱ्याला उठवतो. देवळातला पुजारी नव्हे, पहाटे दार उघडणारा गुरव म्हणा. जुना गुरव फक्त जुन्या कारभाऱ्याला ओळखतो. म्हणून आधी गुरव बदलायचा. हे करताना चूक झाली, अर्धवट लिहिले गेले आणि यंत्र बंद झाले, तर पुढच्या वेळी दार उघडायला कोणीच नसते. यंत्राची वीट होते.

यासाठी ‘बूटब्लास्टर’ नावाचा कार्यक्रम आहे. नावावरून वाटते तसा तो धसमुसळा नाही. जुन्या प्रणालीतच तो चालतो आणि पहिल्यांदा जुन्या बूटलोडरची व संपूर्ण जुन्या प्रणालीची प्रत करून घेतो. ही प्रत रॅममध्ये पडते, आणि रॅमचा भरवसा काय ते वर सांगितलेच. म्हणून ती ताबडतोब मोठ्या संगणकावर उतरवून घ्यायची. मामाने वीस वर्षांपूर्वी जे केले नव्हते ते मी सर्वांत आधी केले, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवून तो पेनड्राइव्ह आईच्या दागिन्यांच्या डब्यात टाकला. मग चार्जर लावून नवा बूटलोडर लिहिण्याची आज्ञा दिली. लिहून झाल्यावर ‘पडताळा’ म्हणून एक आज्ञा असते. तिचे उत्तर बरोबर आले तरच पुढे जायचे. चुकीचे आले तर यंत्र बंद न करता, रीसेटला बोट न लावता पुन्हा लिहायचे, अशी सक्त ताकीद त्या मंडळींनी दिली आहे. पडताळा बरोबर आला. तरीही रीसेट करताना माझा हात थरथरला. खालची गोल कळ मधोमध दाबून धरायची आणि पेनाच्या टोकाने रीसेटचे भोक टोचायचे. पडद्यावर नव्या गुरवाचे चित्र उमटले तेव्हा मी दुकानात मोठ्याने ओरडले आणि एक गिऱ्हाईक दचकले.

दुसरा टप्पा धोक्याचा नाही, पण चिकाटीचा आहे, आणि माझ्या सगळ्या चुका येथे झाल्या. बूटलोडरशी बोलायचे ते सिरियल तारेतून, मोठ्या संगणकावर हायपरटर्मिनल उघडून. मी उघडले, काळी चौकट, एक अक्षर नाही. तासाभराने कळले की आयपॅकमध्ये फाइली घालण्यासाठी वापरलेला कार्यक्रम अजून मागे चालू होता आणि तो पोर्ट अडवून बसला होता. तो बंद केला. आता बूटलोडरची अक्षरे दिसू लागली, पण मी टंकलेले त्याला पोचेना. याचे कारण ‘फ्लो कंट्रोल’. तारेच्या दोन टोकांनी एकमेकांना "थांब" आणि "चल" म्हणण्याची ती पद्धत आहे. बूटलोडर ती पाळत नाही, आणि मी तर ती लावून ठेवली होती. त्यामुळे माझा संगणक कधीच न येणाऱ्या "चल"ची वाट पाहत होता. ती काढली आणि संवाद सुरू झाला.

मग ‘लोड रूट’ अशी आज्ञा रोमन अक्षरांत टंकून, वायमोडेम या जुन्या पद्धतीने लिनक्सचा सुमारे १२ मेगाबाइटचा ठोकळा पाठवायचा. तारेचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. प्रत्येक बाइटचे आठ बिट, त्याला आरंभाचा एक आणि शेवटचा एक, असे दहा. म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट आणि सगळ्या ठोकळ्याला किमान अठरा मिनिटे. चौदाव्या मिनिटाला मैत्रिणीचे वडील चहा घेऊन आले, मी कप घ्यायला वळले आणि कोपर लागून यंत्र आपल्या बैठकीतून निसटले. एरवी मी रडले असते. पण बूटलोडर येणारा मजकूर आधी रॅममध्ये पूर्ण गोळा करतो आणि मगच फ्लॅश पुसायला घेतो, त्यामुळे काही बिघडले नव्हते. पुन्हा गोल कळ, पुन्हा रीसेट, पुन्हा ‘लोड रूट’. गुरव शाबूत असेल तर देऊळ कितीदाही झाडता येते. दुसऱ्या वेळी चहा नाकारला.

फ्लॅश पुसली गेली, लिहिली गेली, ‘बूट’ म्हटले आणि पडद्यावर भराभर ओळी धावू लागल्या. शेवटी तारेच्या टोकाला नाव आणि परवलीचा शब्द विचारला. नाव ‘रूट’, शब्द ‘रूटमी’. काही क्षणांनी मामाच्या यंत्रावर जीपीई नावाचे नीटनेटके दालन उघडले.

ज्यासाठी हे केले ती गोष्ट पडद्यावर दिसत नाही. नव्या प्रणालीत मजकूर फ्लॅशमध्येच राहतो आणि तो ठेवण्याची पद्धत आहे जेएफएफएस २. रेड हॅटच्या डेव्हिड वुडहाउस यांनी ती २००१ मध्ये मांडली. फ्लॅशचा स्वभाव विचित्र आहे. एक अक्षर खोडता येत नाही. खोडायचे तर पाटीच्या पाटीच पुसावी लागते, आणि एकच पाटी फार वेळा पुसली तर ती निकामी होते. म्हणून ही पद्धत वाण्याच्या वहीसारखी चालते. झालेली नोंद खोडत नाही. बदल झाला की खाली नवी नोंद करते आणि तीच खरी धरते. एखादी पाटी जुन्या नोंदींनी भरली की त्यातल्या जिवंत तेवढ्या दुसरीकडे उतरवते आणि ती पाटी पुसते. सगळ्या पाट्या आळीपाळीने वापरते, म्हणजे झीज वाटली जाते. मध्येच वीज गेली तर फार तर शेवटची अर्धी नोंद बुडते. वही राहते.

राहिली देवनागरी. एक मुक्त देवनागरी फाँट घालून मी मामाला आठवत असलेल्या काही ओव्यांची फाइल उघडली. मामा वाचू लागला आणि हसू लागला. ‘गिरणी’चे ‘गरिणी’ झाले होते. याचे कारण समजले तेव्हा मला आपल्या लिपीबद्दलच नवे काही कळले. संगणक देवनागरी साठवतो ती उच्चाराच्या क्रमाने: आधी ग, मग ऱ्हस्व इकार. पण आपण कागदावर इकार काढतो अक्षराच्या आधी. ही अदलाबदल, आणि ‘जात्यावर’मधल्या त आणि य यांना जोडण्याचे काम, फाँटपेक्षा वेगळा एक भाग करतो, जीपीईत ते काम पँगो या कार्यक्रमाचा भारतीय लिप्यांचा तुकडा पाहतो. तो मी घातलाच नव्हता. घातला आणि गिरणी सरळ झाली. एका ओवीला साधारण ८० चिन्हे धरली आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, तर हजार ओव्यांना अडीचशे किलोबाइटही लागत नाहीत. लिनक्स भरून उरलेल्या थोड्याशा फ्लॅशमध्ये त्या सहज मावतात.

मात्र या यंत्रावर देवनागरी टंकण्याचा कळफलक मला जमलेला नाही. त्यावर मामानेच तोड काढली. जीपीईत चित्रे रेखाटण्याची एक वही आहे. तिच्यात तो त्याच जुन्या काडीने आपल्या हाताने, चक्क देवनागरीत, ओवी लिहितो. २४० बाय ३२० ठिपक्यांच्या पडद्यावर एका पानावर एकच ओवी बसते. घरी आल्यावर मी ती टंकून फाइल करते. "फोनवर का नाही लिहीत?" असे मला दहा जणांनी विचारले आहे. मामाला विचारा.

आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, अजून मावळातच असते. ऐकू कमी येते, पण जात्याच्या खुंट्याला हात लावला की तिला ओव्या आठवतात. दिवाळीनंतर मामाने तिच्याकडून एकवीस ओव्या घेतल्या. त्यांतल्या चार आजीच्याही होत्या, असे तो म्हणतो.

परत आल्यावर आम्ही यंत्राची परीक्षा घेतली. चार्जर मुद्दाम काढून ठेवला. तिसऱ्या दिवशी पडदा काळा झाला. आणखी चार दिवस तसेच ठेवले, म्हणजे आत कणभरही धुगधुगी नको. रविवारी सकाळी मामाने ते स्वतः विजेला लावले. ओळी धावल्या, दालन उघडले. त्याने वही उघडून पाने मोजली. एकवीस. तारीख मात्र यंत्र विसरले होते. लिनक्स काळ मोजतो तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद धरून, आणि घड्याळाची वीज गेली की ते शून्यावर येते; तेव्हा कोपऱ्यात तीच तारीख होती.

मामा बराच वेळ त्या तारखेकडे बघत होता. "सत्तर साली आपल्या गावात गिरणी नव्हती," तो म्हणाला. मग त्याने यंत्र माझ्याकडे दिले आणि मी घड्याळ लावले.